धुऱ्यावरच्या दगडाची ओळख: नागपूर सहलीसाठी मदतीचे आवाहन

गावकरी मंडळी, आणि नागपूर-पुणे-मुंबईकडे पोटापाण्याला गेलेल्या आमच्या लेकी-लेकांनो, नमस्कार.

शाळा व्यवस्थापन समितीकडून हे आवाहन करत आहोत. विषय पोरांच्या सहलीचा आहे, पण सुरुवात दगडापासून करावी लागेल.

वरोरा तालुक्यात आपल्या गावाला लागून पिसदुऱ्याचं शिवार आहे. नांगरटीनंतर तिथे गोल, पिळदार, करड्या-तपकिरी रंगाचे गोटे वर येतात. ते आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आमच्या पिढीने ते गोफणीत घालून ज्वारीवरची पाखरं हाकलली. कुणी धुऱ्यावर रचून ठेवले, कुणी दाराला टेकू म्हणून लावले. त्यातले कित्येक गोटे म्हणजे डायनासोरचं शेण आहे. चेष्टा नाही. टायटनोसॉर म्हणतात त्या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अजस्र प्राण्यांचं ते असावं, असं मानलं जातं. वय साडेसहा कोटी वर्षांहून जास्त. शेणात खनिजं मुरत गेली आणि त्याचा दगड झाला.

२००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचं हेच शेण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. गवताच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे रेतीत असतं त्याच द्रव्याचे, बारीक कण असतात. जनावराने कितीही चावलं तरी ते पचत नाहीत, शेणातून जसेच्या तसे बाहेर पडतात. आकारावरून ते कोणत्या वनस्पतीचे, हे ओळखता येतं. आपल्या या गोट्यांत गवताचे कण निघाले. तोवर समज असा होता, की डायनासोरच्या काळात गवत असं नव्हतंच, ते पुढे कधीतरी उगवलं. तो समज पिसदुऱ्याच्या शेणाने खोडला. ‘सायन्स’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात ते छापून आलं. आपल्याला त्याचा पत्ता बरीच वर्षं नव्हता.

हे सगळं गेल्या जुलैत सातवीच्या वर्गात सांगितलं. पोरं आधी शेण म्हटल्यावर खूप हसली. मग मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “सर, मंग आपल्या वावरातला गोटा पुस्तकात काऊन नाही जी?” सरांकडे उत्तर नव्हतं. ते समितीच्या बैठकीत आले आणि म्हणाले, या पोरांना एकदा संग्रहालय दाखवायला पाहिजे.

पाचवी ते आठवीची आपली ७४ मुलं-मुली आहेत. बैठकीच्या आधी वर्गावर्गात हात वर करायला लावले. नागपूरचा अजब बंगला पाहिलेली निघाली चार. रमण विज्ञान केंद्र पाहिलेलं, एक. तोही मामाच्या लग्नाला गेला होता म्हणून.

अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचा आहे. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. मूर्ती, ताम्रपट, शस्त्रं, आदिवासींच्या वस्तू आणि पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, सगळं एकाच आवारात. हे लिहिणारा सहावीत असताना बापाचं बोट धरून तिथे गेला होता. बाप कापूस विकायला आला होता, दुपार मोकळी मिळाली. काचेपलीकडचा वाघ पाहून घाबरलो नाही, पण त्याच्या खाली लिहिलेली पाटी वाचून थबकलो. प्रत्येक गोष्टीला नाव असतं, ती कुठून आली हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्या पोरांना तीच पाटी दाखवायची आहे.

रमण विज्ञान केंद्र गांधीसागर तलावासमोर आहे. ते १९९२ साली सुरू झालं, आणि १९९७ पासून तिथे तारांगणही आहे. अजब बंगल्यात हात मागे बांधून पाहायचं असतं. इथे उलट आहे, बटण दाबा, चाक फिरवा, दोरी ओढा. आमच्या मते पोरांना आधी अजब बंगला दाखवावा आणि जेवणानंतर इथे मोकळं सोडावं. उलटं केलं तर अजब बंगल्यात एकही पोट्टं जागेवर उभं राहणार नाही.

जाताना वाटेत बुटीबोरी लागते. तिथून जवळच टाकळघाट आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपूरला राहून या मुलखातले दगड, हाडं, जीवाश्म गोळा करत असे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते त्याचंच. टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात तो बुडाला, सप्टेंबर १८६३ मध्ये. अजब बंगला सुरू झाला त्याच वर्षी. गाडीत ही गोष्ट सांगायचं सरांनी कबूल केलंय.

आता मुद्द्यावर. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीला ज्यांनी पैसे भरले तीच पोरं गेली. एकोणीस. बाकीची सकाळी थांब्यावर येऊन उभी राहिली, गाडी सुटेपर्यंत हात हलवत होती. ती चूक आमची, म्हणजे समितीची होती. यावेळी ठरवलंय, न्यायची तर ७४ च्या ७४, नाहीतर सहलच नको. वॉटर पार्कला न्या, असंही काही पालक म्हणाले. पोरांना मजा नको असं आमचं म्हणणं नाही, पण त्या पैशात दोन्ही जमत नाही.

एसटीच्या दोन गाड्या प्रासंगिक करारावर घ्यायच्या आहेत. शालेय सहलीची सवलत धरून, प्रवेश आणि तारांगणाची तिकिटं, जेवण, औषधाची पेटी, असा सगळा मिळून अंदाज ३५ हजार रुपयांचा आहे. गुरुजन आणि समिती सदस्यांनी मिळून १३ हजार ५०० जमवले. साडेएकवीस हजार अजून हवेत. शंभर रुपये द्या, पन्नास द्या, पावती शाळेच्या कार्यालयात लगेच मिळेल आणि हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. देणाऱ्याच्या फोटोचा बॅनर मात्र लावणार नाही, आणि कोण कुणाच्या पैशाने आलं हे पोरांना कळू देणार नाही. याबद्दल कुणी रागावू नये.

पैसे नसतील त्यांच्यासाठीही कामं आहेत. मुलींसोबत यायला चार बाया हव्यात, आशाताई येते म्हणाल्या, आणखी तिघी पाहिजेत. संत्र्याचा बगीचा असलेल्यांनी एक-दोन क्रेट दिले तर पोरांचा परतीचा नाश्ता भागेल. नागपुरात राहणाऱ्या आपल्या माणसांपैकी कुणी भूगर्भशास्त्र शिकलेलं असेल तर त्या दिवशी अजब बंगल्यात दोन तास द्यावेत. तेवढी माहिती आमच्या गुरुजींकडे नाही, ते स्वतःच म्हणतात.

आणि वेचणीचं. सहल शुक्रवारी, १२ डिसेंबरला आहे, कपाशीचा वेचा जोरात असेल. मोठी पोरं त्या दिवशी वावरात लागतात, हे आम्हाला माहीत आहे, आम्हीही कास्तकारच आहोत. एक दिवस सोडा. ज्या घरी अगदीच हात कमी पडत असतील त्यांनी सांगावं, आदल्या दिवशी आम्ही काही जण वेचायला येऊ. मजुरी नको, चहा पाजा.

शेवटची मागणी दगडाची. सहलीनंतर शाळेत एक काचेचं कपाट उभं करायचं आहे. सुताराने लाकूड द्यायचं कबूल केलंय, काच बाकी आहे. घरात, ओसरीवर, तुळशीजवळ आधीपासून पडलेला गोटा असेल तर तो द्या. कोणाच्या वावरातला, कोणत्या धुऱ्याजवळ सापडला, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, पाटी पोरं करतील. नव्याने मात्र काहीही खोदू नका, आणि बाहेरून येऊन पोरांना दहा-वीस रुपये देत गोटे मागणाऱ्यांना काही देऊ नका.

मदत ५ डिसेंबरपर्यंत पोचली तर तिकिटांचं आधी ठरवता येईल. गाडी १२ तारखेला पहाटे ५.३० वाजता शाळेसमोरून सुटेल. पोरांच्या अंगात स्वेटर आणि डब्यात पोळी-भाजी असू द्या.