ओहोटीची वेळ कुठे लिहिलेली असते? पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत मराठी शाळेत सातवीला शिकवते. गेल्या वर्षी अठ्ठावीस मुलांना घेऊन मी वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर गेले होते. ओहोटीचं पाणी मागे सरलं होतं आणि खडकांच्या खळग्यांत समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे समुद्री जीव), शेवाळ, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात संसार थाटलेले खेकडे असं सगळं दिसत होतं. मुलं वाकून वाकून बघत होती. परतताना लोकलमध्ये एका मुलीने मला सांगितलं, "बाई, मी समुद्र आज पहिल्यांदा पाहिला." चौकशी केली तेव्हा कळलं, तिच्यासारखी आणखी सहा जणं होती. ही मुलं मुंबई महानगर प्रदेशात जन्मली, वाढली. त्यांचे वडील रोज दादर किंवा सीएसएमटी गाठतात. तरीही समुद्र तेरा वर्षं त्यांच्यापासून लांब राहिला.

म्हणून हे पत्र. आपल्या खात्याकडे मोठमोठ्या योजना असतील, त्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं मागणं लहान आहे: या शहरात बघण्यासारखं, अनुभवण्यासारखं जे जे आहे त्याचं एकच मराठी मासिक वेळापत्रक काढा, आणि त्यात प्रत्येक दिवसाची भरती-ओहोटी छापा.

ओहोटीवर माझा एवढा भर का, ते सांगते. मुंबईची निम्मी मजा समुद्राच्या घड्याळावर चालते. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चिखल उघडा पडला की चरायला उतरतात, पण त्यांना जवळून बघायला नेणाऱ्या बोटीला पुरेसं पाणी लागतं, म्हणून तिची वेळ दर दिवशी बदलते. २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे किती तास खोळंबलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आणि कार्टर रोडला चुकीच्या वेळी गेलात तर खडक दिसतच नाहीत, नुसत्या लाटा. उधाणात मुलांना घेऊन गेलात तर त्याच जागी जिवावर बेतू शकतं.

हे गणित आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी सकाळी आठच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पण किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच्याच आधाराने होड्या काढत आली. मी वर्गात फळ्यावर हे गणित मांडलं तेव्हा पाऊणपट कधी नव्हे ती सगळ्यांना जमली. घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असतेच. तिथी तिथे आहे, भरती मात्र शोधावी लागते.

आता "एकच वेळापत्रक" का? घारापुरी घ्या. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे बेट बसतं रायगड जिल्ह्यात, बोटी सुटतात मुंबईच्या गेटवेवरून, लेणी सांभाळतं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, आणि सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात. या सगळ्या गोष्टी एका कागदावर, मराठीत, मला आजवर सापडल्या नाहीत. खाडीतलं रोहित अभयारण्य वनखात्याकडे, मत्स्यालय मत्स्यव्यवसाय खात्याकडे, चौपाटीची साफसफाई महापालिकेकडे. प्रत्येक खातं आपापलं काम करत असेल, पण रविवारी दोन मुलं आणि म्हातारी आई घेऊन निघालेल्या माणसाला खाती ठाऊक नसतात. त्याला हवं असतं एवढंच: आज काय आहे, किती वाजता, कुठल्या स्टेशनला उतरायचं, मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर, शौचालय कुठे.

शौचालयावर थोडं थांबते, कारण माझ्यासारख्या शिक्षिकांच्या सहली यावरच ठरतात. तेराव्या वर्षाच्या मुलींना घेऊन चार तास किनाऱ्यावर राहायचं तर स्वच्छ शौचालय कुठे आहे आणि ते उघडं असतं का, हे आधी माहीत असावं लागतं. माहीत नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. मार्चच्या उन्हात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वेळापत्रकात ही माहिती भरतीच्या शेजारीच हवी.

फुकट आणि सुंदर असं या शहरात किती आहे, मंत्रिमहोदय! जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस चालणारा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून सर्वांना खुला आहे. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा, डिसेंबरात माहीमचा उरूस, नवरात्रात महालक्ष्मी, कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमा. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा आहेत, आणि त्या बघायला तिकीट लागत नाही, फक्त मान वर करावी लागते. सागरी किनारा मार्गालगतचा पादचारी पथ १५ ऑगस्ट २०२५ ला खुला झाला. तिथली झाडं मोठी व्हायला वर्षं लागतील. तोवर कापडी छत आणि पिण्याचं पाणी ठेवलंत तर दुपारी येणारी कुटुंबं तुम्हाला दुवा देतील.

लांबून येणाऱ्यांचाही विचार व्हावा. संध्याकाळचा कार्यक्रम रंगात येतो तेव्हा कसारा-कर्जतकडची माणसं घड्याळ बघून उठू लागतात. मोठ्या महोत्सवांच्या रात्री एखादी जादा लोकल सोडावी, असं आपण रेल्वेला कळवलंत तर ती माणसं शेवटचं गाणं ऐकून घरी जातील.

एक प्रश्न माझ्या वर्गातून आला आहे, तो जसाच्या तसा पोचवते. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. मी लहानपणी आईचं बोट धरून तिथे गेले होते आणि काचेला नाक लावून उभी राहिले होते. ते कित्येक वर्षं बंद आहे. मुलं विचारतात, कधी उघडणार? खातं आपलं नसलं तरी मंत्रिमंडळ एकच आहे. नवी इमारत कधी उभी राहणार याची तारीख दर्शनी भागावर लिहा. मुलं वाट पाहायला तयार आहेत.

बोटींबद्दलही एक विनंती. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली. तेव्हापासून पालक सहलीच्या परवानगीपत्रावर सही करताना एकच विचारतात: लाइफ जॅकेट मिळेल ना? प्रत्येक बोटीत, प्रत्येकाला, लहान मुलांच्या मापाचंही, याची हमी वेळापत्रकाच्या पहिल्याच पानावर आपल्या सहीनिशी छापा.

यंदाच्या सातवीलाही मी कार्टर रोडला नेणार आहे. पावसाळा सरल्यावरचा तृतीयेचा दिवस निवडला आहे, म्हणजे ओहोटी आठच्या सुमारास मिळेल. आम्ही डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरू आणि दादरला गाडी बदलू. आपणही यावं, अशी मुलांची इच्छा आहे. पायात जुन्या चपला घाला, खडक निसरडे असतात.

आपली,
सातवी 'ब'ची वर्गशिक्षिका, डोंबिवली