ताकाच यांच्या डाव्या हाताआधीची गोष्ट

संपादक महोदय, स. न. वि. वि.

हंगेरीचे लष्करी नेमबाज कारोली ताकाच यांच्यावरच्या लेखात जिद्दीचं भरपूर कौतुक आहे, पण 1936 गाळलंय. त्या वर्षी ते सार्जंट होते आणि संघात फक्त कमिशन्ड अधिकारीच घेत. म्हणजे हात धडधाकट असताना बर्लिन ऑलिंपिक हुकलं ते हुद्द्यामुळे! 1938 मध्ये उजव्या हातात हातबॉम्ब फुटला. पुढच्याच वर्षी डाव्या हातानं ते राष्ट्रीय विजेते झाले.

हे वाचायला सोपं वाटतं. मी हौशी एअर पिस्तूलवाला. मनगट प्लास्टरमध्ये असताना डाव्या हातानं प्रयत्न केला, तर पिस्तुलाची उजव्या हाताच्या बेतानं घडवलेली मूठ तळव्यात बसेचना. ट्रिगरवरचं बोट तर परक्याचं वाटायचं. ताकाच यांचा प्रकार त्याहून अवघड, रॅपिड फायर: 25 मीटरवर पाच लक्ष्यं, शेवटच्या फेरीत पाच गोळ्यांना चार सेकंद.

1940 आणि 1944 ची ऑलिंपिक युद्धानं गिळली. 1948 ला लंडनमध्ये, अडतिसाव्या वर्षी, 580 गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण, 1952 ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण. तिथला रौप्यविजेता सिलार्द कुन त्यांचाच शिष्य, हेही लेखात हवं होतं.

आपला,
एक नेमबाज वाचक