काका, तुमचं नाव न घालता

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंध काल जमा झाला. पावती पर्समध्ये आहे आणि ती मी दिवसातून तीनदा काढून बघते. खिडकीतल्या बाईंनी सुरुवातीची आठ पानं उलटली, तळाचे लहान रोमन आकडे बोटानं मोजले, मग प्रकरण पहिलं उघडलं, तिथला १ पाहिला आणि शिक्का मारला. पाच वर्षांचं काम, आणि जीव अडकला होता तो या आठ पानांच्या तळाशी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

हसलेच होते की! नियम एका ओळीचा होता: प्रारंभिक पानांना रोमन आकडे, मुख्य मजकुराला १ पासून. मी फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळपट्टीत, शिरले, कीबोर्ड मराठीचा इंग्रजी केला आणि रोमन एक म्हणून छोटा आय टाइप केला. वर्डनं शहाणपणा करून तो मोठा केला. मी हट्टानं पुन्हा लहान केला. मान वर करून बघते तर २१४ च्या २१४ पानांच्या तळाशी तोच एक उभा.

मग भाचा आला. ‘मावशी, दोन मिनिटांचं काम’ म्हणाला आणि माझ्या हातातून माउस काढून घेतला. त्यानं पानापानावर टेक्स्ट बॉक्स चिकटवले आणि त्यांत हातानं आकडे भरले. दुसऱ्या दिवशी मी मनोगतात एक परिच्छेद वाढवला, तर मजकुराबरोबर ते बॉक्सही घरंगळले. एका पानावर दोन आकडे, पुढचं पान कोरं. फोन केला तर म्हणाला, ‘तू आता मजकूर बदलूच नकोस ना.’ एका सहकाऱ्यानं सुचवलं, दोन वेगळ्या फाइली करा आणि पीडीएफ जोडा. तेही केलं. पण आपोआप तयार होणाऱ्या अनुक्रमणिकेला दुसऱ्या फाइलमधली प्रकरणं दिसेनात. शेवटी सगळं हातानं जुळवून नेलं, तर कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘पृष्ठांकन’ एवढा एक शब्द लिहून परत आलं. नेमकं काय चुकलं, असं विचारलं. ‘नियमावली वाचा.’ अहो, नियमावली मला तोंडपाठ होती! काय हवं ते तिच्यात असतं, कसं करायचं ते नसतं.

तुम्ही आलात ते शुद्धलेखन तपासायला. पानांचे आकडे तुमच्या कामात बसतच नव्हते. वेलांट्या बघता बघता तुम्ही चौथ्या पानावर थांबलात आणि हसलात. मी तिथे चार उभ्या रेघा काढल्या होत्या. ‘ताई, हे घड्याळाच्या तबकडीवर खपतं. इथे पाचाच्या आधी एक लिहायचा.’ मी कपाळाला हात लावला आणि सगळी रडकथा ऐकवली.

तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत, फाइल उघडलीत आणि माउसवरचा हात उचलून विचारलंत, ‘हिची प्रत कुठे ठेवलीय?’

कुठेच नव्हती. माझ्या फाइलीला हात लावणाऱ्यांपैकी तोवर हे कुणी विचारलंही नव्हतं. तुम्ही प्रत काढलीत आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिला नाव दिलंत: ‘मूळ – हात लावू नये’. मध्ये ‘लावु’ ऱ्हस्व पडला होता, तर मागे जाऊन तो दीर्घ केलात. मग मला वाचायला लावलंत. ‘आता हिचं काही बिघडलं तरी तुमचं काही गेलं नाही. चला.’

काका, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते स्क्रीनकडे बघून नव्हतं. मी तसं सांगितलं, ते खोटं होतं. तुम्ही छापखान्यात लागलात तेव्हा लेखकाचं हस्तलिखित म्हणजे एकुलती एक वस्तू असायची, ओल्या हातानं कागद धरला तरी ओरडा बसायचा, असं तुम्ही नंतर सांगितलंत. ती सवय छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांबरोबर गेली नाही, तुमच्या बोटांत राहिली. दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याआधी क्षणभर थांबणारी माणसं मी मोजायला बसले तर रोमन आकड्यांतही फार लांब जावं लागणार नाही.

पुढचं खरंच दोन मिनिटांचं निघालं, याचा भाच्याला फार आनंद होईल म्हणून त्याला सांगितलेलं नाही. तुम्ही कागदावर दोन चौकोन काढलेत, मध्ये एक साखळी, आणि ती पेन्सिलीनं खोडलीत. नवं पान सुरू करणं वेगळं आणि नवा विभाग सुरू करणं वेगळं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, आणि मी तीन महिने नुसती पानंच तोडत होते. विभाग पाडला तरी त्याचा फूटर मागच्या फूटरला बांधलेलाच असतो, ती गाठ आधी सोडायची. मग एका विभागाला रोमन, दुसऱ्याला साधे आकडे आणि ‘१ पासून सुरू’. आकडे टाइप करायचेच नसतात, यंत्राला मोजायला सांगायचं असतं. एवढंच.

पण मला जास्त आवडलं ते तुम्ही जाता जाता सांगितलेलं. हे दोन वेगळे आकडे आले कुठून? खिळे जुळवायच्या काळात मुख्य मजकूर आधी छापून व्हायचा. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका सगळ्यांत शेवटी यायची. ती किती पानांची होणार, हे आधी कुणाला ठाऊक? म्हणून तिचे आकडे निराळे. ‘लेखकाला अगदी शेवटी कुणाचे आभार आठवले, तरी पान १ जागचं हलायला नको,’ तुम्ही म्हणालात.

मी लगेच म्हटलं, मग तुमचं नाव घालते. तुम्ही हात जोडलेत. ‘मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात आलं की त्याच पानावर चूक निघते, असा आमच्यात समज आहे. नको.’

नाव घातलेलं नाही. पण तुम्ही गेल्यावर ऋणनिर्देशात चार ओळी वाढवल्या. ‘एका मुद्रितशोधक काकांचे’ अशी त्यांची सुरुवात आहे, आणि त्या तीनदा तपासल्या आहेत. त्यांच्यामुळे ऋणनिर्देश रोमन पाचावर मावेना, सहावर गेला. अनुक्रमणिका सातवर सरकली. सात पानांची आठ झाली.

आणि प्रकरण पहिलं तिथेच राहिलं, पान १ वर.

तुमची,
चार रेघांचा चार लिहिणारी