टेलकोट उसवल्याबद्दल आणि तुमच्या उत्तराबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई

विषय : मापावर शिवलेला टेलकोट (वादकांचा, मागे लांब शेपटे असलेला काळा कोट) भर कार्यक्रमात उसवला, पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

‘सर्वसाधारण वापरात ही शिवण उसवत नाही’ एवढ्या एका ओळीत तुम्ही माझी तक्रार बंद केलीत. म्हणून हे सविस्तर पत्र.

मी मूळचा दादरचा. जर्मनीतल्या एका शहराच्या ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन, म्हणजे व्हायोलिनवादकांच्या दुसऱ्या गटात, वाजवतो. ऑर्डर देताना व्हिडिओ कॉलवर मी तुमच्या मास्तरांना व्हायोलिन खांद्याला लावून, बो (गज) चालवून दाखवला होता. सर्वांत खालच्या जी तारेवर वाजवताना उजवं कोपर किती वर जातं, तेही दाखवलं. मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) वर घ्या, काखेत जागा सोडा, डाव्या खांद्याला पॅड नको, असं तीनतीनदा सांगितलं आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. इथल्या शिंप्याला सोडून तुमच्याकडे आलो ते केवळ पैसे वाचावेत म्हणून नाही. या बारीकसारीक गोष्टी आपल्या भाषेत नीट सांगता येतील, असं वाटलं होतं. 38,000 रुपये आगाऊ भरले.

कोट हाती पडला 29 डिसेंबरला, ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा. बेतलेला मात्र लग्नातल्या सुटासारखा. मुंढा खोल, खांद्यात जाड पॅड. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं तर सुरेख दिसतो, हे मान्य. पण मुंढा खोल असला की हात उचलताच बाही अख्खा कोट वर ओढते. कॉलर मानेपासून सुटते आणि पुढून पांढरा वेस्टकोट कोटाखाली दिसू लागतो. तो तसा दिसणं या पोशाखात चालत नाही. डाव्या खांद्यावरच्या पॅडमुळे व्हायोलिन सरकत राहतं, ते वेगळंच. निवृत्त सहकाऱ्याकडून घेतलेला माझा जुना कोट, नवा येणार म्हणून मी एका विद्यार्थ्याला देऊन टाकला होता. दुसरा इलाज नव्हता.

31 डिसेंबरला बीथोव्हनची नववी सिम्फनी होती. लाइपझिगमध्ये 1918 साली सुरू झालेली ही वर्षअखेरची प्रथा आता जर्मनीत कितीतरी शहरांत पाळली जाते. दुसऱ्या भागात, जिथे बो क्षणभरही थांबत नाही, तिथे उजव्या काखेतली शिवण टरकली. आवाज शेजारच्या सहकारी बाईंनाही ऐकू गेला. काळ्या कोटातून पांढरा शर्ट बाहेर. त्यापुढचा तिसरा भाग संथ आहे आणि त्यातली दुसरी धून पहिली व्हायोलिनं नव्हे, आम्ही सेकंडवाले आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) वाजवणारे वाजवतो. त्या धुनेची मी वर्षभर वाट पाहिली होती. ती मी कोपर अंगाशी धरून, अर्ध्या बोवर वाजवली.

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. माझी निवड झाली तेव्हा पहिल्या फेरीत मी पडद्यामागून वाजवलं होतं. आत कोण आहे, कुठल्या देशाचा आहे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मंचावर मात्र सगळं दिसतं. तिथे हा काळा कोट अंगावर असला की मी इतरांपैकी एक असतो आणि लोकांचं लक्ष फक्त वाजवण्याकडे राहतं. बावीस वर्षांचा असताना घर सोडलं, तेव्हापासून मला एवढंच हवं होतं. सध्या माझं प्रोबेशनचं वर्ष चालू आहे. मला कायम करायचं की नाही, हे सहकारी मतदानाने ठरवणार आहेत.

सर्वसाधारण वापराबद्दल तुम्ही बोलता. व्हायोलिनवादकाच्या कोटाचा सर्वसाधारण वापर हात उचलणं हाच आहे, आणि तो मी ऑर्डरच्या दिवशीच दाखवला होता. इथल्या शिंप्याने शिवण उलगडून पाहिली, तर आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, जेमतेम पाव इंच. त्यामुळे आता कोट सैल करण्याचीही सोय उरलेली नाही.

मला पूर्ण 38,000 रुपये परत हवेत. दुरुस्ती नको, पुढच्या खरेदीचं कूपन नको. तसंच, तुमच्या कॅटलॉगमधले ‘वादकांसाठी खास’ हे शब्द, मास्तर मुंढा वर घ्यायला शिकेपर्यंत, कृपा करून काढून टाका. माझ्यासारखा आणखी कोणी त्या शब्दांवर विसंबून पैसे भरेल.

उसवलेली काख, मायेचं माप आणि व्हिडिओ कॉलनंतर तुमच्याकडून आलेला मेसेज, या तिन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक