चाकाला वर जायला जागा ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीचे शॉकअप आणि स्प्रिंग तुम्ही बदलून दिलेत, त्याबद्दल समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, लॉकनट (सैल होऊ नये म्हणून आवळलेला नट) पुन्हा बघितलेस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण स्पोर्ट्‌स कार खाली घ्यायची, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी करायची, हौस असलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत, पण हातातलं काम थांबवून समजावून सांगणारं माणूस प्रत्येकाला भेटत नाही.

माझी गाडी तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आलेलं मॉडेल. चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या आर्म्सनी धरलेलं), वजन टनाच्या आसपास, आणि वर उघडणारे ते गमतीदार हेडलाइट. शॉकअप तेल सोडत होते, त्यामुळे बदलायचेच होते. त्याच कामात गाडी खालीही घ्यायची होती. टायर आणि मडगार्ड यांच्यातली पोकळी माझ्या डोळ्यांत खुपायची, आणि हे कारण मी तुमच्यापासून लपवलं नाही. तुम्ही हसला नाहीत. "दिसणं हेही कारणच आहे की," म्हणालात. पहिले आभार त्याचेच. या धंद्यातले बरेच जाणकार शोभेसाठी आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात.

त्याआधी एका ठिकाणी स्प्रिंगची दोन वेटोळी कापून देतो म्हणाले होते. तुम्ही ते ऐकून चिडला नाहीत, जुनी स्प्रिंग टेबलावर ठेवलीत. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, तेवढ्यापुरतं ते चुकीचं नाही. पण बैठकीचं सपाट टोक जातं, आणि चाक अधांतरी लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. स्प्रिंगची तार 10 टक्के जाड घेतली तर ताठपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, हेही तेव्हाच कळलं. कापण्यापेक्षा योग्य तारेची, योग्य लांबीची स्प्रिंग का निवडायची, हा प्रश्न तिथेच संपला.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, ज्यासाठी हे सगळं पत्र आहे: "चाक वर किती जातं, ते मोजलंय कुणी?"

मी उंचीचा विचार मडगार्डकडून करत होतो, तुम्ही बंप स्टॉपकडून, म्हणजे चाक फार वर गेलं की त्याला अडवणाऱ्या ठोकळ्याकडून, केलात. गाडी जितके मिलिमीटर खाली, तितकेच मिलिमीटर चाकाचा वरचा प्रवास कमी. शॉकअपची बॉडी आखूड नसेल किंवा त्याला गाडीशी जोडणारा वरचा माउंट बदलला नसेल, तर यात कुठलीही पळवाट नाही. या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये तो प्रवास मुळातच तुटपुंजा आहे. तुम्ही समोरच्या एका बाजूची स्प्रिंग काढून ठेवलीत, नुसता शॉकअप परत बसवलात आणि लोअर आर्मखाली जॅक लावून चाक सावकाश वर नेलंत. दर थोड्या अंतरावर थांबून टॉर्चच्या उजेडात मला दाखवत होता: इथे बंप स्टॉप टेकला, इथे तो अर्धा दबला, इथे टायरचा खांदा आतल्या प्लास्टिकच्या अस्तराजवळ आला. मग स्टिअरिंग पूर्ण फिरवून परत तेच. ब्रेकची नळी कुठे ताणते, तेही पाहिलंत. एवढं झाल्यावर उंचीबद्दल वाद घालायला माझ्याकडे काही उरलंच नाही. माझ्या मनातला आकडा घेतला असता तर साधा खड्डासुद्धा स्प्रिंगने नाही, बंप स्टॉपने झेलला असता. वळणात बंप स्टॉप अचानक लागला की त्या टोकाचा ताठपणा एका क्षणात वाढतो आणि तेच टोक घसरायला लागतं. "खाली घेतलेली गाडी अंगावर येते" अशी तक्रार लोक करतात, त्यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ इथे असतं, असं तुमचं मत. आता माझंही.

दुसऱ्या पिढीच्या गाडीचे वरचे माउंट या गाडीला बसतात आणि त्याने शॉकअपला वर थोडी जागा मिळते, ही युक्ती तुम्हीच सुचवलीत. कडक रबराऐवजी हळूहळू दबणारे फोमचे बंप स्टॉप घातलेत. तेही एक प्रकारची स्प्रिंगच, हे तेव्हा नीट कळलं.

स्प्रिंगचा आकडा ठरवताना तुम्ही कागदावर जे मांडलंत, तो कागद अजून माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवलेला आहे. गाडीचं वजन पेलताना चाकापाशी स्प्रिंग किती दबते, त्यावरून वर-खाली होण्याची वारंवारता निघते. साधारण 250 मिमी दबली तर 1 हर्ट्झ (सेकंदाला एक हेलकावा), 110 मिमी दबली तर दीड, आणि 62 मिमी दबली तर 2. आरामशीर मोटार पहिल्या आकड्याच्या आसपास, रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार दीडच्या पुढे. दीडवरून दोनवर जायचं तर स्प्रिंग पावणेदोन पटींहून थोडी जास्तच कडक लागते, कारण हिशोब वर्गाचा आहे. त्यातच स्प्रिंग चाकाइतकी हलत नाही. चाक 10 मिमी उचललं की स्प्रिंग 7 मिमी दबते असं धरलं, तर चाकापाशी तिचा ताठपणा निम्म्याहूनही किंचित कमी भरतो, तिथेही वर्गच. जाहिरातीत छापलेला स्प्रिंगचा आकडा एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर का उचलता येत नाही, ते या एका ओळीत उलगडलं. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त का ठेवायची, तेही सांगितलंत: उंचवट्यावर पुढची चाकं आधी चढतात, मागच्यांना उशिरा सुरुवात करून त्यांना गाठायचं असतं, नाहीतर गाडी डोलत राहते. सस्पेन्शन अभियंते मॉरिस ऑली यांनी 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मांडलेली ही गोष्ट. मला ती स्टुलावर बसून फुकटात मिळाली.

आणि खाली घेऊन नेमकं मिळतं काय, याचाही हिशोब तुम्ही लपवला नाहीत. वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकतो, ते स्प्रिंगवर नाही, तर गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. गुरुत्वमध्य 450 मिमी उंचीवर धरला आणि गाडी 30 मिमी खाली घेतली, तर सरकणारा भार जेमतेम पंधराव्या हिश्शाने घटतो. फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही. उलट बहुतेक गाड्यांत रोल सेंटर (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जातं, म्हणजे गाडीला कलंडवणारी तरफ लांबते. त्याच ताठपणाच्या स्प्रिंगवर खाली घेतलेली गाडी जास्त झुकू शकते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत (जिथे वरचा आर्म नसतो, शॉकअपच चाकाला वरून धरतो) तर हे फारच, लोअर आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे वर वळला की संपलंच. म्हणून अशा गाड्यांना आर्म चाकाशी जोडणारे लांब दांडीचे बॉल जॉइंट बसवतात. स्वतः गाड्या खाली घेऊन देणारी व्यक्ती हे स्वतःहून सांगते, याचं मला अजून नवल वाटतं.

शॉकअपचा कडकपणा कमीजास्त करणाऱ्या क्लिक्सबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यात मऊपासून सुरुवात करायची, एका वेळी एकच बदल करायचा, पुढे आणि मागे एकदम हात घालायचा नाही. रिबाउंड (शॉकअप परत लांबतानाचा विरोध) जास्त कसला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर स्प्रिंगला परत ताणायला वेळ मिळत नाही, गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी पुन्हा त्याच बंप स्टॉपवर येते. कडक म्हणजे स्पोर्टी असं मानून क्लिक मोजणाऱ्यांनी हे एकदा वाचावं, बस.

मला मनापासून आवडलं ते मात्र एक साधं, कुणाला न दिसणारं काम. नवे शॉकअप बसले, चाकं लागली, मी मनात किल्ली फिरवली होती. तुम्ही म्हणालात, थांब. गाडी चाकांवर उतरवलीत, पुढे-मागे ढकलून बसू दिलीत आणि खाली शिरून आर्म्सचे सगळे बोल्ट एकेक करून आधी सैल केलेत. जुन्या रबरी बुशमधून प्रत्येक बोल्टला एक बारीक 'कट्' असा आवाज येत होता, आणि आर्म केसभर फिरून स्थिरावत होता. मग तिथेच, गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंचने पुन्हा आवळलेत. बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की गाडी उभी राहिल्यावर ते रबर जन्मभर पिळलेलंच राहतं; उंचीही खोटी दाखवतं आणि लवकर फाटतं. बिलात याची ओळ नसते. केलं नसतंत तरी मला कळलं नसतं.

प्रत्येक चाकाखाली एक अशा चार काट्यांवर वजन घेताना मी ड्रायव्हरच्या सीटवर गुमान बसून होतो, तेवढाच माझा हातभार. टाकी अर्धी, टायरमधली हवा तपासलेली, अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक सोडलेली. एका कोपऱ्याच्या स्प्रिंगची बैठक चढवली की त्या कोपऱ्यावरचं आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरचं वजन वाढतं, उरलेल्या दोघांवरचं कमी होतं. डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी सारावी तसं. मडगार्डची उंची चारही बाजूंना मिलिमीटरपर्यंत सारखी, पण तिरकी वजनं वेगळी, असं होऊ शकतं हे मी त्या काट्यांवरच पाहिलं. तुम्ही अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने बैठका फिरवत दोन्ही कर्णांना जवळजवळ सारखं केलंत. आता जोरात ब्रेक दाबला तर गाडी कुठेही न ओढता सरळ थांबते.

व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) दोन्ही बदलतात. समोर सुमारे दीड अंश ऋण कॅम्बर, मागे जरा जास्त, पुढे टो शून्य, मागे किंचित आत. हे कोन बदलणारे कॅम बोल्ट गंजून धरलेले होते, त्यांच्याशी तुम्ही घातलेली झटापट मी इथे वर्णन करत नाही, त्यात वापरलेले शब्द पत्रात शोभायचे नाहीत. हेडलाइटचा झोतही भिंतीवर पाडून नीट केलात. गाडी पुढे-मागे कमीजास्त खाली आली की तोही बिघडतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हे किती जण करतात कुणास ठाऊक.

आता खबर. निघताना तुम्ही प्रत्येक शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर बॉडीला टेकवून एक केबल टाय अडकवली होती. शॉकअप दबला की ती सरकते आणि जिथवर दबला तिथेच थांबते. ती पाहतोय. नेहमीच्या रस्त्यावर ती बंप स्टॉपच्या बरीच अलीकडे थांबते. एका वाईट पुलाच्या जोडावर बंप स्टॉपला लागली, पण थोडीच, आणि आत बसून धक्का जाणवला नाही. पुढच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. मागे डावी बाजू उजवीपेक्षा काही मिलिमीटर जास्त सरकते. स्प्रिंग बसल्यामुळे असेल असं वाटतं, उंची पुन्हा मोजून कळवतो. मडगार्डजवळची पोकळी पूर्ण गेली नाही, पण गाडीकडे वळून बघणं माझं काही सुटलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. मागचा जाड अँटी-रोल बार मी घेऊन ठेवलाय, अजून खोक्यातच आहे. ओल्या रस्त्यावर गाडी सध्या जशी मागून सावकाश, सांगून सुटते, ते मला आवडतंय. बार लावला की ते जाईल ना? तुम्ही नको म्हणालात तर तसाच परत करतो. पुढच्या शनिवारी लॉकनट तपासायला येतोच आहे, तेव्हा सांगा. तुमचा तो टॉर्चही माझ्याकडेच राहिलाय, तो घेऊन येतो.

आपला नम्र,
लाल एमएक्स-5 वाला