ओउलूच्या बसवाल्या मावशी, तुमचं हेयास्तिन अजून माझ्याकडंच आहे

मावशी,

तुम्हाला मराठी येत नाही आणि मला तुमचं नाव माहीत नाही, म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचा काही संबंधच नाही. तरी लिहितेय, कारण गेल्या महिन्यात मी घरी सगळं सांगून टाकलं. दीड वर्ष आईला मी हेच सांगत होते की फिनलंडला पोचले, लगेच रूम मिळाली, हीटर चालू होता, खिचडी टाकली आणि झोपले. तसलं काहीही झालं नव्हतं. आई, तू पण वाच हे, आणि आता परत रडत बसू नको.

6 जानेवारी 2024, शनिवार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ओउलू म्हणजे हेलसिंकीपासून वर सहाशे किलोमीटर, जानेवारीच्या सुरुवातीला तिथं उजेड असतो जेमतेम चार तास, दुपारी अडीच-तीनला दिवस संपला. मी गेले होते इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या एक्सचेंज योजनेतून एका सेमिस्टरसाठी, एक्सचेंजला तिथली फी भरावी लागत नाही म्हणून जमलं, नाहीतर इचलकरंजीच्या एसटी ड्रायव्हरच्या पोरीनं फिनलंड नकाशातच बघायचं. त्या आठवड्यात तिकडं जी थंडी पडली ती तिथल्या लोकांना पण जास्तच होती, आदल्याच दिवशी आणखी वर उत्तरेला एनोन्तेकियोत पारा उणे 44 च्या खाली गेलेला. मला हे काही माहीत नव्हतं. मी हेलसिंकीच्या एअरपोर्टवरनं जवळच्या तिकुरिला स्टेशनला येऊन ट्रेन पकडली, ट्रेन लेट झाली, ओउलूला उतरले तेव्हा संध्याकाळ कधीच होऊन गेलेली आणि माझ्या डोक्यात एकच, रूमची चावी घ्यायचीय.

आता चावीचं ऐका. आमच्या कॉलेजात ज्या सरांकडं हे एक्सचेंजचं काम होतं त्यांना मी तीनदा विचारलं होतं की सर, शनिवारी पोचतेय, ऑफिस उघडं असेल का. सर म्हणाले, "शनिवारी हाफ डे असतो, आणि तिकडं सगळं सिस्टिमॅटिक असतं, तू कशाला टेन्शन घेतेस." फिनलंडात हाफ डे! त्यात 6 जानेवारीला तिथं लोप्पियाइनेन या ख्रिस्ती सणाची सुट्टी, सगळं गाव बंद. याच सरांनी माझ्या एका पत्रावर सही करायला तीन आठवडे लावले म्हणून स्वस्तातली तिकिटं गेली आणि ही तारीख नशिबी आली, ते वेगळंच. एक कन्सल्टंट होते, पैसे घेईपर्यंत रोज फोन, नंतर "जस्ट मेसेज ड्रॉप कर". आणि हेलसिंकीशेजारच्या एस्पोत राहणारे बाबांच्या मित्राचे कोणीतरी, "आपल्या माणसांसाठी आम्ही आहोतच ना, कधीपण फोन कर" म्हणणारे. त्यांना मी स्टॉपवरनं चार मेसेज केले. चारीवर निळ्या टिका आल्या. एवढं बघितलं आणि फोन बंद पडला, चाळीस टक्के बॅटरी असताना, कारण उणे वीस-बावीसमध्ये फोनची बॅटरी अशीच मान टाकते हे पण मला तिथंच कळलं.

ओउलूतल्या लिन्नानमा भागातल्या त्या बस स्टॉपवर मी किती वेळ उभी होते मला नक्की सांगता येत नाही. ऑफिसचं दार बंद, त्यावर फिनिशमध्ये कागद चिकटवलेला, शेजारच्या बिल्डिंगमधनं एकजण बाहेर आला, मी तोंड उघडेपर्यंत निघून पण गेला. नाकातले केस आतल्या आत चिकटतात त्या थंडीत, श्वास घेतला की टोचतं. पायाची बोटं आधी दुखली आणि मग दुखायची थांबली, आणि मला वाटलं चला, बरं झालं. किती मूर्ख होते मी. तेवढ्यात एक बस आली, मी हात केला, बस तशीच पुढं गेली. तेव्हा मी रडले, आणि रडल्यावर पापण्या चिकटल्या.

ती बस तुमचीच होती ना मावशी.

परतीच्या फेरीला तुम्ही समोरच्या बाजूनं येत होता. लाईट माझ्या बॅगवर पडला. आईनं बॅग ओळखायला यावी म्हणून हँडलला जुन्या साडीचा जरीचा काठ बांधलेला, मी पुण्यात तो लाजून सोडायला निघाले होते, राहून गेला. तो काठ चमकला. तुम्ही बस बाजूला घेतली, इंडिकेटर लावले, आणि खाली उतरून रस्ता ओलांडून आलात. काही विचारलं नाही, दोन्ही बॅगा उचलल्या, मला पहिल्या सीटवर बसवलं जिथं खालून गरम हवा येते, आणि तिकिटाला पैसे काढायला लागले तर नुसता हात हलवला. बसमध्ये तीन-चार माणसं होती, एकानंही "काय झालं, किती वेळ" असं केलं नाही. आपल्याकडं एव्हाना अर्ध्या गाडीनं मला माझं आडनाव विचारलं असतं. (ते पण मला त्या क्षणी चाललं असतं खरं सांगायचं तर.)

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरल्यावर तुम्ही तुमचा फोन माझ्यापुढं धरला. ट्रान्सलेटरमध्ये इंग्लिशमध्ये लिहिलेलं होतं, मघाशी मी इथूनच गेले, तू मला दिसली नाहीस, मला माफ कर. आणि वर तोंडानं पण म्हणालात, आन्तेक्सी.

मावशी, तुम्ही कशाला माफी मागितलीत? माझं जॅकेट काळं, पँट काळी, टोपी काळी, कारण आई म्हणाली होती काळा रंग मळखाऊ असतो, सहा महिने धुवायला नको. अंधारात उभी राहिलेली असली काळी आकृती कुणाला दिसणार होती. त्या दिवसापर्यंत माझ्या या सगळ्या प्रवासात जेवढी माणसं चुकली, त्यातल्या एकानं आजतागायत सॉरी म्हटलेलं नाही. जिची काहीच चूक नव्हती ती बाई तेवढी माफी मागत होती.

मग तुम्ही तुमच्या कोटाच्या खिशातलं हेयास्तिन काढलंत, म्हणजे अंधारात चमकणारा रिफ्लेक्टर, पांढरं, बर्फाच्या चांदणीसारखं, दोरीला लोंबणारं, चरे पडलेलं, बरीच वर्षं वापरलेलं दिसत होतं. सेफ्टी पिन माझ्या खिशाच्या आत लावलीत आणि ते गुडघ्यापर्यंत येतंय का हे खाली वाकून बघितलंत. माझ्या आईच्या वयाची बाई माझ्यासमोर बसच्या ओल्या फरशीवर गुडघा टेकून दोरीची लांबी नीट करतेय, आणि मग एकदम उठून "नो नीन", म्हणजे "चला, झालं", म्हणून स्टिअरिंगवर जाऊन बसते, जसं काही वाण्याकडं सुट्टे पैसे मोजून दिले. स्वतःच्या कोटाला दुसरं होतं का तुमच्या? मी बघितलं होतं. नव्हतं.

रात्री कुठं झोपले, कुणाला फोन केलात, सोमवारी चावी कशी मिळाली ते सगळं मी लिहीत बसत नाही, तेही तुमच्यामुळंच झालं. पण मला कुणी विचारलं की फिनलंडमध्ये काय बघितलं, तर लोकांना नॉर्दर्न लाइट्सचे फोटो पाहिजे असतात आणि मला ते खाली वाकणं आठवतं.

नंतर मी तुम्हाला खूप शोधलं. संक्रांतीला आईनं दिलेल्या डब्यातले तिळगूळ कागदात बांधून खिशात ठेवले होते तुमच्यासाठी, प्रत्येक बसमध्ये चढताना आधी ड्रायव्हरकडं बघायचे. फेब्रुवारी संपत आला तेव्हा ते तिळगूळ पार दगड झालेले, शेवटी एका दुसऱ्याच ड्रायव्हरला दिले, तो कीतोस, म्हणजे थँक्यू, म्हणाला आणि त्यानं ते डॅशबोर्डवर ठेवून दिले. खाल्ले का माहीत नाही, दात शाबूत राहिले असतील तर नसतीलच खाल्ले.

हेयास्तिन तिकडं लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कोटाला लटकलेलं असतं, अंधारात चालताना वापरावं असं कायद्यातच आहे, नाही लावलं तर दंड मात्र नाही, तरी लोक लावतात. मला नंतर वाचायला मिळालं की पेर्तेली गावच्या आर्वी लेहती नावाच्या माणसानं ते आधी घोडागाडीसाठी केलेलं, 1960 च्या दशकात ते माणसांच्या कोटाला आलं. हे बाबांना सांगितल्यावर ते एकदम ताठ बसले. कारण आमच्याकडं ऊसतोडीचा सीझन चालू झाला की रात्रीच्या गाडीवरचा प्रत्येक ड्रायव्हर एकाच गोष्टीला भितो, पुढं अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली नाहीतर बैलगाडी, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. "घोड्याला लावत होते ते लोक," बाबा म्हणाले, "आणि आमच्या कारखान्याच्या ट्रॉलीला गोणपाट लोंबतंय."

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी लागतं. आमच्या बाबांनी वस्तीच्या गाडीवर असताना एकदा एका म्हातारीला स्टॉप नसताना तिच्या वस्तीसमोर उतरवलेलं, पाऊस होता म्हणून, आणि त्यावरनं डेपोत बोलणी खाल्ली होती. लहानपणी मला वाटायचं काय मोठं केलं, ब्रेकच तर दाबला. आता वाटतं की ज्याच्या हातात घड्याळ आणि टाइमटेबल आहे त्यानं ब्रेक दाबणं हे, ज्याच्याकडं वेळच वेळ आहे त्यानं "कधीपण फोन कर" म्हणण्यापेक्षा किती वेगळं आहे. एस्पोवाल्यांनी परवा माझ्या ग्रॅज्युएशनच्या फोटोला हार्ट टाकलं. असो.

ते हेयास्तिन आता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला आहे. इचलकरंजीत त्याचा उपयोग काय असं सगळे विचारतात, रस्त्यावर एवढे हॅलोजन. ओउलूला कधी आले तर परत करीन असं म्हणत होते, पण खरं सांगू का, परत करायचं नाहीये मला.

सगळं ऐकून आई रडली, आणि बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. खाली उतरताना त्या बाईनं हँडब्रेक लावला होता का, आणि गाडी किती मिनिटं लेट झाली. मी म्हटलं ब्रेकचं माहीत नाही, लेट साधारण चार मिनिटं. बाबा म्हणाले, "चार मिनिटं पुढं कव्हर होतात, सांग त्यांना."

तुमची,
काळ्या जॅकेटवाली