बाग बघायची तर मे महिन्यात ये

चि. भैय्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस आणि मधेच तुझी मीटिंग लागते, म्हणून लिहून पाठवते. लोक स्वतः फळं तोडून विकत नेतात ती आपली बाग सांभाळायला नोकरी सोडून येतो म्हणालास, तेव्हापासून नाना फाटकाला रंग द्यायचा म्हणून मागे लागलेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तू बाग पाहिलीस ती दरवेळी डिसेंबर-जानेवारीतली. पेरूला मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलांचा माल, मेहरूणची बोरं पिवळी पडत आलेली, पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन करून वळलेल्या गाड्या लिंबाखाली उभ्या, कोपऱ्यात कोणी कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजतंय. पहिल्या वर्षी शेजारचे आप्पा हसले होते, "सोता तोडानं अन् वर पैसाबी देवानं?" आता त्यांचेच पाहुणे पिशव्या घेऊन येतात.

पण बोर लागतं नव्या फुटीवर. जुन्या फांद्या उतरवल्याशिवाय माल नाही, आणि ती छाटणी करायची एप्रिल-मेमध्ये, पारा 44 च्या पुढे असताना. पहाटे लागायचं, दहाला थांबायचं. काटेरी फांद्या ओढून बांधावर नेणं हे खरं काम. नानांचे तळहात कधी उजेडात धरून बघ.

मग फवारणी. बाजारात पाठवलेला माल निदान कोणी धुऊन खातं. आपल्याकडे माणूस झाडाखाली उभा राहून तसाच तोंडात टाकतो, लहान मुलं तर आधी. म्हणून डब्यावर जितके दिवस थांबायला लिहिलंय तितके दिवस त्या ओळीत कोणालाही सोडायचं नाही. मी ओळीच्या तोंडाला लाल फडकं बांधते. गेल्या जानेवारीत बोरावर उशिरा भुरी, ती पांढरी बुरशी, आली, गुरुवारी फवारलं आणि रविवारी अकरा गाड्या दारात. त्यातल्या एका बाईला नातवाच्या बोरन्हाणाला बोरं हवी होती. नाना म्हणाले, कडेच्या ओळी उघडू, धुऊन देऊ. मी फाटकातून हलले नाही. पेरू घ्या म्हटलं, बोरं नाहीत. सात गाड्या तशाच परत गेल्या. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तू इथे असतास तर कोणाची बाजू घेतली असतीस, ते मला कळवून टाक.

आणखी एक, तुला किरकोळ वाटेल. लोक पेरू अंगठ्याने दाबून बघतात आणि कडक लागला की झाडावरच सोडतात. दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग. तो पेरू मग ना त्यांचा ना आपला. शिवाय एक घास खाऊन फेकलेले पेरू जमिनीवर राहिले की फळमाशीला घरच मिळालं. म्हणून दर संध्याकाळी बादली घेऊन सगळ्या ओळी फिरायच्या, पडलेलं वेचायचं आणि खड्ड्यात पुरायचं. सापळे लावलेत म्हणून हे चुकत नाही. सुट्टीच्या दिवशी चार-पाच बादल्या सहज निघतात.

बागेत यायला फी लावू म्हणालास, ते नाना हसण्यावारी नेतात. "बोरं खायला तिकीट?" त्यांचंही खरं, आमच्या लहानपणी बोरं दगड मारून पाडायची असत. मला मात्र पटलंय. मोठ्या माणसांना फी लाव आणि वजनाच्या पैशांतून ती वळती कर. ज्याला नुसतं खायचं आहे त्याचे पैसे आले, ज्याला न्यायचं आहे त्याला बोचणार नाही. पोटात गेलेलं मात्र मोजायचं नाही, काटा फक्त पिशवीला. बुकिंगही कर, म्हणजे लाल फडकं असेल त्या रविवारी मला लोकांना घरीच कळवता येईल, दारातून परत पाठवावं लागणार नाही. ॲपल बोराची रोपं तेवढी आणू नकोस. दिसायला मोठं, चवीला पाणी.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा काढ आणि छाटणीला ये. ऑक्टोबरात पुन्हा आठ दिवस. मग आपण तिघं बसून बोलू.

येताना जाड चामड्याचे हातमोजे आण, दोन जोड. नाना घालणार नाहीत, तरी एक त्यांच्या मापाचा आण.

तुझी
आई